इंजिन, सर्व्हर आणि मधला दुभाषा: पार्श्वभूमी

घरी लिहिलेले बुद्धिबळ इंजिन (चाली शोधणारा प्रोग्राम) सहसा सर्व्हरशी थेट बोलत नाही. मध्ये दुभाष्या प्रोग्राम लागतो. 1992 साली इंटरनेटवर बुद्धिबळाचा सर्व्हर सुरू झाला, तेव्हा तो टेलनेटवरून (साध्या मजकुराची जुनी जोडणी) माणसाने वाचायचा मजकूर पाठवायचा. त्यातून चाली वेचून इंजिनाला पुरवण्याचे काम पुढे एक्सबोर्ड या पट दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या ‘झिप्पी’ या भागाने केले. 1995 मध्ये तो सर्व्हर सशुल्क झाला आणि स्वयंसेवकांनी मोफत पर्याय उभा केला.

घोळ होतो तो ‘प्रोटोकॉल’ (संवादाचे ठरलेले नियम) या शब्दाने. ‘एक्सबोर्ड प्रोटोकॉल’ किंवा ‘यूसीआय’ (युनिव्हर्सल चेस इंटरफेस) ही सर्व्हरची भाषा नव्हे. ती इंजिन आणि दुभाषा यांच्यातली. त्यामुळे ‘इंजिन यूसीआय आहे, तरी सर्व्हरला का जोडत नाही?’ हा प्रश्नच चुकीच्या टोकाला धरलेला असतो.

एक्सबोर्डचा प्रोटोकॉल ग्नू चेस या जुन्या इंजिनाच्या कमांडमधून वाढला, म्हणून ओबडधोबड. पण त्यात इंजिन डावाची स्थिती स्वतः लक्षात ठेवते, बरोबरी मागते, डाव सोडते. नोव्हेंबर 2000 मध्ये आलेल्या यूसीआयने हे सगळे काढून घेतले. इंजिनाला दर चालीला सुरुवातीपासूनच्या सगळ्या चाली मिळतात, ते एक चाल परत देते. निकालही त्याला कळवला जात नाही. मग स्पर्धेत बरोबरी मागतो तो नक्की कोण, इंजिन की दुभाषा? या आक्षेपाला समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही. तरी यूसीआयच सरशी करून गेले, आणि त्यामागचे एक कारण सरळ आहे: कनेक्शन तुटून पुन्हा जोडले, की चालींची यादी नव्याने द्यायची, बस्स. जुन्या पद्धतीत इंजिनाचा पट आणि सर्व्हरचा पट वेगळे पडले, की ‘बेकायदेशीर चाल’ येऊन डाव अडकायचा.

दोन्हींमधले घड्याळही निराळे. पाच मिनिटे एक्सबोर्डमध्ये 30000 (सेकंदाचे शतांश), यूसीआयमध्ये 300000 (मिलिसेकंद). एक्सबोर्ड ‘माझा वेळ, प्रतिस्पर्ध्याचा वेळ’ सांगतो. यूसीआय ‘पांढऱ्याचा, काळ्याचा’. काळ्याने खेळताना पांढऱ्याचे घड्याळ वाचणारे इंजिन निम्म्या स्पर्धेत ठीक खेळते, म्हणून ही चूक उशिरा सापडते. इंजिन पहिल्याच चालीला गप्प बसले तर आधी फ्लश (साठलेले आउटपुट लगेच पुढे ढकलणे) तपासावे: पाइपवर, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या जोडणीवर, आउटपुट बफरमध्ये अडकते, टर्मिनलवर मात्र सगळे सुरळीत दिसते.

2018 मध्ये आणखी एका मोफत सर्व्हरने टेलनेटऐवजी एचटीटीपीवर (वेबचा प्रोटोकॉल) बॉटसाठी, म्हणजे इंजिन खेळवणाऱ्या खात्यांसाठी, वेगळी सोय दिली. अट कडक: खात्यावर एकही डाव झालेला नसावा, आणि एकदा बॉट झालेले खाते परत माणसाचे होत नाही. चाली यूसीआयच्याच लिपीत येतात (ई7ई8क्यू म्हणजे प्याद्याचा वजीर), त्यामुळे आलेली यादी जशीच्या तशी इंजिनाला देता येते. दुभाषा मात्र दोन जागी ठेचकाळतो. जोडणी जिवंत ठेवण्यासाठी दर काही सेकंदांनी येणारी रिकामी ओळ जेसन (सर्व्हर ज्या साच्यात माहिती पाठवतो तो) समजून वाचली, की तो कोसळतो. आणि डावाची नवी स्थिती आपल्या चालीनंतरही येते. चालींची संख्या सम की विषम हे न पाहता इंजिनाला विचार करायला लावले, तर ते प्रतिस्पर्ध्याची चाल खेळू पाहते आणि सर्व्हर ती नाकारतो.

नेटवर्कचा उशीर पूर्वी ‘टाइमसील’ हा जोडप्रोग्राम भरून द्यायचा. स्टॉकफिश या इंजिनात अशा उशिरासाठी चालीमागे राखलेला वेळ मुळात 10 मिलिसेकंद असतो. ऑनलाइन फेरीत तो निदान 100 ठेवावा, नाहीतर जिंकलेला डाव घड्याळावर जातो.