वेल-बीइंग थेरपी

नैराश्यासारख्या मानसिक आजाराची तीव्र लक्षणे ओसरल्यानंतर जे उरते, त्यावर काम करणारी अल्पकालीन मानसोपचार पद्धती. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ जोव्हानी फावा यांनी ती १९९० च्या दशकात विकसित केली. मराठीत तिला सुस्थिती-उपचार म्हणता येईल.

नैराश्यावरचा उपचार लागू पडला का, हे बहुधा गुणांवरून ठरते. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनश्रेणीच्या १७ कलमी आवृत्तीत (गुण जास्त, तितके नैराश्य तीव्र) गुण निम्म्यावर आले की प्रतिसाद, आणि ७ किंवा त्याहून कमी झाले की लक्षणमुक्ती मानतात. पण ७ गुणांवरच्या माणसाचे रडू थांबले, झोप सुधारली, तरी त्याला जगण्यात रस वाटू लागला असेलच असे नाही. शिवाय मागे राहिलेली चिडचिड, धास्ती किंवा थकवा आजार उलटण्याची शक्यता वाढवतो. म्हणून तीव्र अवस्थेत औषधे आणि त्यानंतर मानसोपचार, असा टप्प्याटप्प्याचा क्रम फावा यांनी मांडला. ही पद्धत त्या दुसऱ्या टप्प्यातली आहे. तीव्र नैराश्यात पहिला उपाय म्हणून ती वापरत नाहीत.

सुस्थिती म्हणजे काय, याचा आराखडा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांच्या १९८९ च्या मांडणीतून घेतला आहे. त्यात सहा परिमाणे आहेत: स्वायत्तता, परिस्थितीवरील पकड, व्यक्तिगत वाढ, जिव्हाळ्याचे संबंध, जीवनातील हेतू आणि स्वस्वीकार.

उपचार साधारण ८ ते १२ सत्रांचा असतो. सत्रे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला होतात. सर्व काम एका डायरीभोवती फिरते. सुरुवातीच्या सत्रांत रुग्णाने फक्त बरे वाटलेले क्षण टिपायचे: प्रसंग कोणता, काय वाटले आणि ते ० ते १०० मध्ये किती तीव्र होते. नेहमीच्या बोधात्मक वर्तनोपचारात (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात, म्हणजे सीबीटीत) नोंद त्रासाची होते, इथे उलट. या टप्प्यात उपचारकाने सल्ला द्यायचा नसतो, आणि अनुभवी उपचारकालाही हेच सर्वांत जड जाते.

पहिल्या वेळी डायरी कोरी येणे नेहमीचेच. ‘बरे वाटलेच नाही, काय लिहू?’ असे रुग्ण म्हणतो. बऱ्याचदा असे क्षण येऊन गेलेले असतात, पण लक्षात राहत नाहीत. म्हणून नोंद चालूच ठेवायला सांगतात. दुसरी चूक म्हणजे भावनेऐवजी नुसती घटना लिहिणे. ‘मित्राचा फोन आला’ एवढे पुरेसे नाही. त्या वेळी मनात काय उमटले, तेही हवे.

पद्धतीचा गाभा मधल्या टप्प्यात आहे. आता डायरीत आणखी एक रकाना येतो: तो चांगला क्षण कशाने तुटला? मित्राशी बोलून ६० पर्यंत गेलेला आनंद ‘त्याला माझी दया येत असेल’ या एका विचाराने मिनिटभरात २० वर येतो. म्हणजे प्रश्न आनंद निर्माण करण्याचा नाही, आलेला आनंद टिकू न देण्याचा आहे. सकारात्मक विचारांच्या उपदेशापासून ही पद्धत इथेच वेगळी होते. त्यानंतरच्या रकान्यात, त्रयस्थाने हा प्रसंग पाहिला असता तर काय म्हटले असते, ते रुग्ण लिहितो. सोबत, टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जाणे आणि मन रमेल अशा कामासाठी रोज ठरावीक वेळ ठेवणे, हा गृहपाठ असतो.

सहा परिमाणे शेवटच्या टप्प्यात येतात, तीही डायरीतल्या नोंदींना धरून. सुरुवातीलाच त्यांचे व्याख्यान दिले, तर रुग्णाला आणखी सहा विषयांत नापास झाल्यासारखे वाटते. एखादे परिमाण जास्तीत जास्त असावे असेही नाही. स्वायत्तता अति झाली की माणूस मदत मागत नाही. इतरांसाठी झिजणे अति झाले की स्वतःच्या गरजा मागे पडतात. परिस्थितीवर सतत पकड हवी असणाऱ्याला निवांत बसता येत नाही. तोल साधणे हे ध्येय असते, आणि तो प्रत्येकाचा निराळा.

वारंवार नैराश्य येणाऱ्या ४० रुग्णांवरील १९९८ च्या चाचणीत, औषधोपचाराने बरे झालेल्यांना ही पद्धत समाविष्ट असलेला १० सत्रांचा बोधात्मक वर्तनोपचार मिळाला. दोन वर्षांत त्यांच्यापैकी २५ टक्के जणांचा आजार उलटला. केवळ वैद्यकीय देखरेखीखालील गटात हे प्रमाण ८० टक्के होते. सहा वर्षांनी आकडे ४० आणि ९० टक्के झाले. हे आकडे या पद्धतीचे यश म्हणून सर्रास सांगितले जातात, ते तितकेसे बरोबर नाही: उरलेल्या लक्षणांवरचा बोधात्मक वर्तनोपचार आणि जीवनशैलीतले बदलही त्याच १० सत्रांत होते, त्यामुळे कशाचा वाटा किती, हे या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही.