पृथ्वीगोल आणि कडे: उपग्रहांच्या कक्षा समजून घेताना

आपण घेतलेल्या संचात 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल, त्याभोवतीचे पितळी कडे आणि गाठी मारलेली दोरी आहे. कडे मुंबईच्या अक्षांशावर सरकवून बसवता येत नाही, अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. कडे आम्ही मुद्दामच तसे जोडले आहे. गुरुत्वाकर्षण उपग्रहाला सतत पृथ्वीच्या केंद्राकडे ओढत असल्यामुळे त्याच्या कक्षेचे प्रतल केंद्रातूनच जाते, आणि म्हणून कड्याला कमीअधिक कल देता येतो, पण ते उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकवता येत नाही. 19 अंश उत्तर अक्षांशावरील मुंबईच्या माथ्यावर एकाच जागी थांबणारा उपग्रह त्यामुळे असूच शकत नाही.

आता कल शून्य करून कडे विषुववृत्तावर आणावे. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून पाहता आकाशात एकाच जागी थांबलेले दिसणारे उपग्रह, याच प्रतलात फिरतात, म्हणून महाराष्ट्रातील डीटीएचच्या डिश दक्षिणेकडे तोंड करून असतात. 83 अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह मुंबईहून दक्षिणेला, थोडा पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे 65 अंश उंच असतो.

यानंतर कल 51.6 अंश करावा. ही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा होय. येथे कडे स्थिर धरून त्याखाली गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवावा (बहुतेक जण नेमके उलट करतात). स्थानकाच्या सुमारे 92 मिनिटांच्या एका फेरीत पृथ्वी 23 अंश फिरते, त्यामुळे पुढच्या फेरीचा जमिनीवरील मार्ग तेवढाच पश्चिमेकडे सरकलेला दिसतो.

या गोलावर 1 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. स्थानक साधारण 400 किलोमीटर उंचीवर असल्याने कडे गोलापासून जेमतेम एका सेंटिमीटरवर ठेवले आहे. दोरीचे टोक गोलाच्या पृष्ठभागाला लावून ताणल्यास 48 सेंटिमीटरवरची गाठ जीपीएस उपग्रहांची आणि 84 सेंटिमीटरवरची गाठ 35,786 किलोमीटर उंचीच्या भूस्थिर कक्षेची जागा दाखवते. याच प्रमाणात चंद्र 9 मीटरवर येईल. तेवढी दोरी आम्ही दिलेली नाही.

उपग्रहांचा वेग या प्रतिकृतीत दिसत नाही. मात्र पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर असल्यामुळे स्थानकाच्या कक्षेचे प्रतल रोज सुमारे 5 अंश पश्चिमेकडे वळते, ते दाखवण्यासाठी कड्याची चौकट बैठकीवरील अंशांच्या खुणांनुसार फिरवता येते.