डब्ल्यूडीएम-२

डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय रेल्वेचे ब्रॉडगेज डिझेल इंजिन. नावात 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'डी' डिझेल आणि 'एम' मिश्र वाहतूक, म्हणजे मालगाडी असो की एक्सप्रेस, दोन्ही ओढणारे. रेल्वेवेड्यांच्या तोंडी मात्र ते नुसते 'अल्को'.

अमेरिकेतील स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने (अल्को) बनवलेली पहिली इंजिने १९६२ मध्ये भारतात आली. पुढे वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये ती बनू लागली. तिथले पहिले इंजिन, 'कुंदन', जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. अल्को १९६९ मध्ये बंद पडली, वाराणसीत उत्पादन १९९८ पर्यंत चालले. एकूण सुमारे २,७०० इंजिने झाली. मूळ कारखाना गेला तरी त्याची इंजिने इतकी वर्षे बनत राहिली, हे यंत्राच्या इतिहासात क्वचितच घडते.

आत १६ सिलिंडरचे, २,६०० अश्वशक्तीचे '२५१' जातीचे इंजिन. ते जनित्र फिरवते आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी चालतात. ओळख पटते ती धुरावरून. लोको पायलटने नॉच (ताकद वाढवण्याच्या दांड्याचा टप्पा) वाढवला की डिझेल लगेच सोडले जाते, पण हवा भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या अवधीत हवा कमी, इंधन जास्त. म्हणून धुराड्यातून काळा लोट उठतो आणि मागोमाग ती 'ढग-ढग-ढग' लय सुरू होते. हा खरे तर दोष, पण फलाटाच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभे राहणारे नेमके त्याचीच वाट पाहत.

केबिन एकच, तीही एका टोकाजवळ. केबिनच्या एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड हूड, म्हणजे यंत्रावरचे पत्र्याचे आवरण. लांब हूड पुढे असला की चालकाला समोरचे नीट दिसत नसे. काही इंजिनांना म्हणून रुंद आखूड हूड आणि मोठ्या खिडक्या दिल्या गेल्या, ती 'जंबो'. पुण्याच्या घोरपडी शेडची अल्को इंजिने महाराष्ट्रातल्या अनेकांनी पाहिली असतील.

जतनाच्या बाबतीत मात्र हात आखडताच राहिला. वाफेच्या इंजिनाभोवती आठवणींचे वलय होते. डिझेल हे रोजच्या राबत्यातले, म्हणून ते वारसा वाटलेच नाही. त्यात कामातून काढलेल्या इंजिनाचे सुटे भाग शेडमधल्या दुसऱ्या इंजिनांना हवेच असतात, आणि उरलेला सांगाडा भंगारात जातो. काहींचा डब्ल्यूडीएम-३ए या अधिक ताकदीच्या प्रकारात कायापालट झाला, त्यामुळे मूळ रूप तिथेही हरवले. ब्रिटनमध्ये अवघ्या २२ 'डेल्टिक' डिझेल इंजिनांपैकी ६ जपली गेली, हे इथे आठवते.

पहिले डब्ल्यूडीएम-२, क्रमांक १८०४०, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. मुले त्याच्या पायऱ्या चढून पाहतात. धूर काही येत नाही.