धिं आणि तिं

गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दर शनिवारी संध्याकाळी तबल्याचा क्लास भरतो. भाचीला सोडायला गेले की मी बाहेर गॅलरीत बसून राहते. पहिले दोन महिने सरांनी मुलांना तबल्याला फारसा हात लावू दिला नाही. टाळी द्यायची आणि सोळा मात्रांच्या, म्हणजे सोळा ठोक्यांच्या, तीनतालाचे बोल तोंडाने म्हणायचे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी नाही, हात नुसता उघडायचा. आणि दहाव्या मात्रेला धिंचं तिं होतं. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याचा, घुमारा जातो, उजव्या हाताचा आवाज तेवढा उरतो. मुलं नेमकी तिथेच चुकतात, ओघात धिं म्हणून जातात. सर थांबवतात. "डग्गा कुठे गेला? आधी ऐका."

संगीताचा शिकण्याशी जो खरा संबंध आहे, तो मला या एका अक्षरात दिसतो.

लोकांना मात्र वेगळंच ठाऊक असतं. पोटातल्या बाळाला मोत्झार्ट ऐकवला की ते हुशार निपजतं, असं पहिलटकरणीला आजही कुणी ना कुणी सांगतंच. या समजुतीचं मूळ १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्झार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकवला, तेव्हा कागदाच्या घड्या मनात उलगडून पाहण्यासारखी कोडी त्यांना जरा बरी सुटली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्यात बाळं नव्हती आणि बुद्धी कायमची वाढल्याचा दावाही नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी सरकारी पैसे मागितले! पुढे दिसलं असं, की ज्यांना गोष्ट ऐकायला आवडते त्यांना गोष्ट ऐकूनही तेवढाच फायदा होतो. मन उल्हसित झालं की डोकं थोडा वेळ तल्लख चालतं, इतकंच.

स्वतः शिकण्याची गोष्ट निराळी. टोरांटोत २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या अभ्यासात, वर्षभर गाणं किंवा कीबोर्ड शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरी तीनेक गुणांनी जास्त वाढला. नंतरच्या कडक तपासण्यांत हा फरकही आटत गेला. त्यामुळे तबला शिकवा म्हणजे गणितात मार्क वाढतील, असं मी कुणालाही सांगणार नाही.

मग उरतं काय? कान. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी फुकट संगीतवर्ग चालतात. तिथल्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी संशोधकांनी मोजल्या. प्रश्न साधा होता: 'ब' आणि 'ग' हे दोन उच्चार मेंदू किती स्पष्ट वेगळे ओळखतो? एका वर्षाच्या शिक्षणानंतर काहीच फरक नव्हता. दोन वर्षांनी मात्र ओळख ठसठशीत झाली होती. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. ब आणि ग यांतला फरक सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात घडून जातो. तो नीट पकडता आला तर अक्षर आणि आवाज यांची सांगड बसते, वाचन त्यावरच उभं राहतं. दहाव्या मात्रेला सर मुलांकडून दुसरं काय करून घेतात?

आणि हे निवडून ऐकणं एकट्या माणसाचं नाही. झाडांना गाणी ऐकवल्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर माझा विश्वास नाही. पण अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात २०१४ मध्ये झालेला एक प्रयोग वाचून मी खरोखर हरखले. मोहरीच्या कुळातलं अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचं लहानसं रोप. अळी पान कुरतडते तेव्हा पानात जी बारीक थरथर उठते, ती संशोधकांनी टिपून घेतली आणि दुसऱ्या रोपाच्या पानाला नुसती ती थरथर दिली, अळी नव्हतीच. नंतर त्या रोपांवर खऱ्या अळ्या सोडल्या, तेव्हा त्यांनी मोहरीचा झणझणीतपणा ज्यातून येतो तसली रसायनं जास्त तयार केली. वाऱ्याच्या थरथरीने मात्र असं झालं नाही, दुसऱ्या कीटकाच्या गाण्यानेही नाही. कान नसलेलं रोप कामाची थरथर आणि बिनकामाची थरथर वेगळी ओळखतं!

म्हणूनच मला मुंबईतल्या गोंगाटाची काळजी वाटते. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेजवळून उन्नत रेल्वे जात असे. १९७५ साली तपासलं, तर रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती. वरच्या इयत्तांत हे अंतर जवळजवळ वर्षभराचं होतं. शाळा तीच, फक्त खिडकी रुळांकडे. सतत खडखडाट कानावर आला की मूल आवाजच नाकारायला शिकतं, आणि त्यात बाईंचा आवाजही बुडतो. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं बसवली, आणि काही वर्षांत दोन्ही बाजूंची मुलं वाचनात बरोबरीला आली.

चर्नी रोडहून लोकलने परतताना रुळांना लागून एखादी शाळा दिसली, की तिचे वर्ग कुठल्या बाजूला आहेत ते मी हल्ली बघते. शेजारी भाची मांडीवर बोटं आपटत असते. गाडीच्या खडखडाटातही तिचं दहाव्या मात्रेला आता तिं येतं.