बर्फाची हमी आम्ही का देत नाही
स्कीइंगच्या सहलीला निघणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

दादरच्या आमच्या ऑफिसात सहलीची चौकशी करायला येणारे बहुतेक जण खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "बर्फ नक्की मिळेल ना?" उरलेले विचारतात, "जेवण शाकाहारी मिळेल ना?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, मिळेल. पहिल्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलंय. पैसे भरण्याआधी एकदा वाचा. चहा येईपर्यंत वाचून होईल.

2024 च्या जानेवारीत आमचा एकवीस जणांचा ग्रुप गुलमर्गला होता. चिल्लई कलां चालू होता, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे काश्मीरमधले कडाक्याचे चाळीस दिवस. आणि हॉटेलच्या दारात पिवळं, वाळकं गवत. स्लेज ओढणारे रिकाम्या स्लेजवर बसून शेकत होते. पार्ल्याच्या एका काकूंनी तीन स्वेटर चढवले होते. त्या सगळीकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे तर आमचं मे महिन्यातलं पाचगणीचं टेबललँड!" आम्ही परतलो आणि महिनाअखेरीला बर्फ पडायला लागलं. फेब्रुवारीत तिथे खेलो इंडियाचे हिवाळी खेळसुद्धा झाले. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, बर्फच नाही म्हणून हेच खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले.

त्या ग्रुपच्या पत्रकावर आम्ही "बर्फाची हमी" असं ठळक अक्षरात छापलं होतं. चूक आमची होती. काश्मीरचं बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी ढगांवर अवलंबून असतं. ते ढग कधी येतील, किती येतील, याची हमी दादरला बसून कोण देणार?

मग परदेशात हमी कशी देतात?

मशीन लावून. युरोपातली मोठी स्की रिसॉर्टं आता आकाशाच्या भरवशावर नाहीत. इटलीतल्या दहातल्या साधारण नऊ उतारांवर कृत्रिम बर्फाची सोय आहे. 2022 चं बीजिंगचं हिवाळी ऑलिंपिक तर जवळजवळ पूर्णपणे बनवलेल्या बर्फावर झालं.

स्नो-गन म्हणजे हे बर्फ बनवणारं मशीन, लांबून बघितलं तर पिंपासारख्या तोंडाचा मोठा पंखा. पाणी जोराने बारीक थेंबांत फवारायचं, सोबत दाबलेली हवा सोडायची. थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतो. यात केमिकल असतं का, असं विचारतात. मूळ कृतीत पाणी आणि हवाच असते. पण त्यासाठी हवा नुसती थंड असून भागत नाही, ती कोरडीही लागते. आपला माठ नागपूरला जितकं पाणी गार करतो तितकं मुंबईत करत नाही, तेच इथे. हवा दमट असेल तर शून्याखाली एक-दोन अंश उतरूनही मशीन नुसतं पाणी थुंकत राहतं. म्हणून ही मशीनं बहुतेक रात्री चालतात, आणि हॉटेलची खोली उताराकडे असेल तर रात्रभर घरघर ऐकू येते. खिडकीतून "व्ह्यू" हवा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता पाण्याचा हिशेब. एक हेक्टर उतारावर फूटभर कृत्रिम बर्फ अंथरायला साधारण दहा लाख लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. आपलं शिवाजी पार्क सुमारे 28 एकर, म्हणजे अकरा हेक्टरच्या वर. त्यावर एक फूट बर्फ घालायचं तर अकराशेच्या वर टँकर लागतील. मे महिन्यात सोसायटीत एका टँकरवरून काय भांडणं होतात ते आपल्याला ठाऊक आहे. आणि मोठ्या रिसॉर्टचे उतार शेकडो हेक्टरांचे असतात.

हे पाणी वाया जातं असं मात्र म्हणता येणार नाही. थोडं हवेत उडून जातं, बाकीचं वसंतात वितळून त्याच खोऱ्यात उतरतं. दुखणं वेळेचं आहे. हिवाळ्यात डोंगरातले ओढे सगळ्यात बारीक असतात आणि नेमकं तेव्हाच पाणी उपसलं जातं. त्यावर उपाय म्हणून रिसॉर्टं वरती तलाव खोदतात, पाणी असेल तेव्हा भरून ठेवतात. पण तलाव खोदायचा म्हणजे डोंगर फोडायचा. फ्रान्समध्ये ला क्लुझाला असाच एक तलाव जंगलात व्हायचा होता. लोक आडवे आले, आणि 2022 मध्ये कोर्टाने काम थांबवलं.

म्हणून रिसॉर्टच्या माहितीपुस्तिकेत "इको-फ्रेंडली" असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं असेल तर आम्ही तिथे थांबत नाही. आम्ही त्यांना दोनच गोष्टी विचारतो: बर्फाचं पाणी कुठून घेता, आणि वीज कुठून. ज्यांना सांगता येतं ते लगेच सांगतात. एका ठिकाणाहून उत्तरादाखल टॉवेल रोज न बदलण्याचं कार्ड आलं होतं. टॉवेलचं बरोबरच आहे हो, पण आम्ही विचारलं होतं पाण्याचं.

भुशातलं बर्फ

काही जागांनी वेगळी वाट काढली आहे, आणि ती आम्हाला मनापासून आवडते. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला हिवाळ्यात बर्फाचा मोठा ढीग रचतात, त्यावर साधारण हातभर लाकडाचा भुसा पसरतात आणि सगळा उन्हाळा तसाच ठेवतात. शरद ऋतूत भुसा बाजूला केला की साधारण तीन चतुर्थांश बर्फ शाबूत निघतं. ऑक्टोबरअखेर त्यावर क्रॉस-कंट्री स्कीइंगचा, म्हणजे उतारावरून घसरण्याऐवजी लांब वाटेवर स्की घालून चालत-सरकत जाण्याचा, ट्रॅक सुरू होतो. फिनलंडमध्येही असं करतात. भुसा वर्षानुवर्षं पुन्हा वापरता येतो.

भाऊच्या धक्क्यावर बर्फाची लादी भुसा-गोणपाटात गुंडाळलेली ज्यांनी बघितली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यांचं बर्फ जहाजाने, भुशात रचून, मुंबईला येत असे, आणि फोर्टात ते साठवायला आइस हाउस होतं. चार महिन्यांचा समुद्र ओलांडून ते इथल्या उकाड्यात टिकत होतं. दाव्होसवाल्यांनी तीच जुनी युक्ती मोठ्या प्रमाणावर केली, इतकंच.

उतार सपाट करणाऱ्या गाड्यांतही सुधारणा झाली आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या या अवजड गाड्या डिझेल पितात. आता अनेक ठिकाणी त्यांना जीपीएस लावून खाली बर्फ किती जाड आहे ते चालकाला पडद्यावर दाखवतात. दोन फूट आहे तिथलं ओढून सहा इंच आहे तिथे न्यायचं, म्हणजे तेवढं नवं बनवावं लागत नाही. स्वित्झर्लंडमधल्याच टेना गावात 2011 पासून सौरऊर्जेवरची स्की-लिफ्ट चालते. छोटी आहे, गाव छोटं आहे.

सगळ्यात मोठा खर्च विमानाचा

हे लिहिताना धंद्याच्या दृष्टीने हात आखडतो, पण खरं ते खरं. रिसॉर्टने कितीही सौर पॅनेल लावले तरी तुमच्या सहलीच्या धुरातला मोठा हिस्सा तिथे पोहोचण्यातच होतो. मुंबई-झ्युरिक जाऊन-येऊन इकॉनॉमीत माणशी सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्या देशात माणशी वर्षभराचं उत्सर्जन साधारण दोन टन आहे. म्हणजे अर्धं वर्ष एका तिकिटात.

आम्ही ही सहल बंद केलेली नाही. पोट त्यावर आहे, आणि लोकांची हौसही. पण सहा दिवसांत चार देश हा प्रकार बंद केला. आता स्वित्झर्लंडची सहल किमान नऊ रात्रींची, मुक्काम दोनच गावी, आणि आतला सगळा प्रवास ट्रेनने. झरमॅटला तर पर्यायच नाही. गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्या चालत नाहीत. टॅश नावाच्या खालच्या गावात गाडी सोडायची आणि शटल ट्रेनने वर जायचं. माथेरानला दस्तुरी नाक्यावर सोडतो तसं, फक्त घोड्यांऐवजी छोट्या विजेच्या गाड्या. तिथून गॉर्नरग्राटला जाणारी डोंगरी रेल्वे उतरताना ब्रेकमधून वीज बनवून परत तारेत सोडते. आपली लोकलही हेच करते, पण गर्दीत लोंबकळताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

काश्मीरसाठी आता चांगली सोय झाली आहे. जून 2025 पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत चालू आहे, चिनाबच्या 359 मीटर उंच पुलावरून. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेसने कटरा, एक मुक्काम, आणि सकाळच्या वंदे भारतने सुमारे तीन तासांत श्रीनगर. विमानापेक्षा जाताना दोन दिवस जास्त लागतात. ज्यांना रजा आहे त्यांनी हाच पर्याय घ्यावा असं आम्ही सुचवतो. रिटायर मंडळींचा ग्रुप तर पत्ते खेळत, डबे उघडत कधी पोहोचतो कळत नाही. रेल्वेच्या ग्रुपला आम्ही सर्व्हिस चार्ज कमी लावतो.

आपल्याकडची डोंगरं

उत्तराखंडातल्या औली या स्कीइंगच्या ठिकाणाबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथली चौकशी वाढली आहे. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं आणि तलाव झाला. त्या यंत्रांच्या भरवशावर मात्र सहल ठरवू नका. औलीच्या खाली जोशीमठ आहे, आणि 2023 च्या जानेवारीत तिथे जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले, औलीचा रोपवेही बंद करावा लागला. त्याआधी जून 2019 मध्ये औलीत झालेल्या एका बड्या लग्नानंतर टनावारी कचरा उचलावा लागला होता आणि प्रकरण हायकोर्टात गेलं होतं. वरची कुरणं, ज्यांना तिथे बुग्याल म्हणतात, फार नाजूक असतात. 2018 मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. कोणी एजंट तिथे तंबूतली रात्र देतो म्हणाला तर भुलू नका.

गुलमर्गला हिवाळ्यात नद्यांचं पाणी आटतं, वीजनिर्मिती घटते, दिवे जातात आणि हॉटेलांची डिझेल जनरेटरं सुरू होतात. अशा वेळी खोलीत दोन-दोन हीटर लावून खिडकी उघडून बसू नये. आम्ही हे डोळ्यांनी बघितलंय. हॉटेलवाला गरम पाण्याची पिशवी देतो, ती अंथरुणात घ्या. झोप हीटरपेक्षा चांगली लागते.

गुलमर्गच्या गंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर गेल्यावर दोरी बांधून बंद केलेल्या भागात जाऊ नका. हिमकडे कोसळण्याचा धोका आहे, हे झालं एक. दुसरं, गुलमर्गच्या भोवती अभयारण्य आहे, त्यात कस्तुरीमृग आहेत. हिवाळ्यात प्राणी अंगातली चरबी पुरवून पुरवून जगतात. माणूस बघून एकदा उधळला तर बर्फातून पळण्यात त्याची कित्येक दिवसांची शिदोरी संपते.

स्वतःची स्की असलेले दोघं-तिघंच आहेत आपल्यात, त्यांच्यासाठी: तळाला लावायचं फ्लोरिनयुक्त मेण नेऊ नका. ते रसायन माती-पाण्यातून जात नाही. 2023-24 च्या मोसमापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही त्यावर पूर्ण बंदी आहे.

आता आमच्या अटी

गुलमर्गचे स्कीइंग ग्रुप जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच निघतील. नाताळचे ग्रुप बंद. मुलांच्या शाळेची अडचण होते हे मान्य आहे. बर्फ नसेल तर प्रशिक्षक आणि स्कीच्या भाड्याचे पैसे परत मिळतील, हॉटेल आणि प्रवासाचे नाही. त्या दिवसांत काय करायचं याचा दुसरा बेत ग्रुप लीडरकडे तयार असतो.

खाऊ भरपूर न्या, पण चिवडा-चकली सुट्या पाकिटांत न नेता डब्यात न्या. शंभर छोटी पाकिटं वर गेली की त्यातली दहा तरी वाऱ्याने उडतात, आणि बर्फ पडलं की पुढच्या एप्रिलपर्यंत ती कोणाला दिसत नाहीत. ग्रुप लीडरकडे एक मोठी पिशवी असते. डोंगरावरचा आपला कचरा त्यात येतो आणि श्रीनगरला खाली उतरतो. चेष्टेने तिला "ग्रुपचा बाविसावा मेंबर" म्हणतात.

जाड कोट, वॉटरप्रूफ पँट आणि हातमोजे नवीन घेऊ नका. मुंबईत त्यांचा पुन्हा उपयोग नाही, माळ्यावर पडून बुरशी येते. आमच्याकडे सगळ्या मापांचे आहेत, लहान मुलांचेही, सहलीच्या काळापुरते भाड्याने. मापं बघायला निघण्याच्या पंधरा दिवस आधी या, शेवटच्या दिवशी फक्त ट्रिपल एक्सएल उरतात. कोट घरी मशीनमध्ये धुऊ नका, तसाच आणून द्या, आणि देण्याआधी खिसे तपासा. गेल्या मोसमात एका खिशात निम्मा सुतरफेणीचा डबा आणि एका आजोबांची कवळी निघाली. डबा संपला, कवळी अजून ऑफिसात आहे.