दुर्बीण ताऱ्यावर का येत नाही? गोटू माउंटच्या स्टार अलाइनमेंटविषयी ग्राहकांसाठी माहिती

गोटू माउंट म्हणजे सांगितलेल्या ताऱ्याकडे दुर्बीण मोटरींनी आपोआप वळवणारी बैठक, आणि ओळखीचे तारे दाखवून त्याला आकाशाची दिशा समजावणं म्हणजे स्टार अलाइनमेंट, ताऱ्यांची जुळणी. ‘माउंट बिघडलाय, ताऱ्यावर जातच नाही’ अशी चिठ्ठी जोडून आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ माउंटना स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लावावा लागत नाही. खोक्यातून काढून तारीख-वेळ नीट भरली, दोन तारे दाखवले, की ते निमूटपणे चालतात. तुमचा माउंट आमच्याकडे पाठवण्याचा खटाटोप टळावा, म्हणून हे पत्रक.

माउंटला आकाश दिसत नाही. तुम्ही भरलेली तारीख, वेळ व ठिकाण आणि आपल्या मोटरी किती फिरल्या याचा हिशेब, एवढंच त्याला ठाऊक असतं. त्यामुळे तो चुकला तरी ठरावीक दिशेला, ठरावीक अंशांनी चुकतो. तेव्हा आधी बघा: दुर्बीण ताऱ्यापासून किती लांब थांबली आणि कोणत्या बाजूला? हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची, करंगळीचं टोक साधारण १ अंशाचं. बिघाड कुठे आहे ते या मापावरूनच बहुतेक वेळा कळतं.

पहिलाच तारा लांब राहिला तर

पाऊण मूठ किंवा त्याहून जास्त चूक दिसली की आधी भरलेली माहिती तपासा. आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकतं, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. हँडसेटचं (माउंटच्या बटणांच्या रिमोटचं) घड्याळ एक तास पुढे असेल तर दुर्बीण ताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे १५ अंशांवर जाऊन थांबते. ‘डेलाइट सेव्हिंग’ (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ती सोय) चुकून चालू राहिलं असेल तर माउंट भरलेल्या वेळेतून एक तास वजा करतो आणि दुर्बीण तेवढीच पूर्वेला जाते. टाइम झोनमधला अर्धा तास गाळला गेला तर साडेसात अंशांचा फरक पडतो. तुमच्या हँडसेटमध्ये अर्ध्या तासाचा झोन भरता येत नसेल, तर युनिव्हर्सल टाइम (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) निवडून त्यानुसार वेळ आणि तारीख भरा.

तारखेची गंमत वेगळी. बरेच हँडसेट आधी महिना आणि मग दिवस मागतात. ३ एप्रिल ही तारीख आपल्या सवयीने भरली की माउंट ती ४ मार्च समजतो आणि दुर्बीण जवळजवळ ३० अंश चुकते. १३ तारखेपासून मात्र हँडसेट उलटी भरलेली तारीख स्वीकारत नाही, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे ‘महिन्याच्या सुरुवातीला बिघडतो, नंतर आपोआप सुधारतो’ अशी तक्रार आली की आम्ही आधी तारीखच विचारतो. शिवाय अनेक हँडसेट बंद केल्यावर वेळ विसरतात, म्हणून ती दर वेळी भरावी लागते.

दुर्बीण थेट जमिनीकडे वळत असेल, तर रेखांशाच्या पूर्व-पश्चिमेची, टाइम झोनच्या अधिक-उण्याची किंवा गोलार्धाची अदलाबदल झालेली असणार. याउलट अक्षांश-रेखांश सेकंदापर्यंत अचूक भरण्याचा अट्टहास नको. तिथे पाव अंश इकडेतिकडे झाला तर पहिला तारा तेवढाच सरकलेला दिसतो आणि दोन ताऱ्यांच्या जुळणीत तो फरक मुरून जातो.

आकडे बरोबर असूनही तारा लांब असेल तर सुरुवातीची स्थिती बघा. इक्वेटोरियल माउंटवर (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो) वजनाचा दांडा खाली आणि नळी ध्रुवाकडे हवी. ऑल्ट-अ‍ॅझिमथ माउंटवर (जो वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो) काही मॉडेलना नळी आडवी आणि उत्तरेकडे ठेवलेली लागते, काहींवर खुणेच्या रेघा असतात. उत्तर ठरवायला होकायंत्र वापरत असाल तर ते पोलादी ट्रायपॉडपासून चार पावलं लांब धरा.

‘अलाइनमेंट फेल’ असा संदेश आला तर

दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर माउंटला पाठ असतं. पहिल्या ताऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना मोटरी जेवढ्या फिरल्या त्याच्याशी तो ते ताडून पाहतो आणि हिशेब जमला नाही की जुळणी नाकारतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: तुम्ही भलताच तारा मध्यभागी आणलात.

यात नावांचा घोळही असतो. हँडसेट इंग्रजी नावं दाखवतो, आपल्या डोक्यात नक्षत्रं असतात. वेगा म्हणजे अभिजित, आर्कट्यूरस म्हणजे स्वाती, स्पायका म्हणजे चित्रा, अल्टेअर म्हणजे श्रवण, अल्डेबरान म्हणजे रोहिणी, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, रेग्युलस म्हणजे मघा, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, सिरियस म्हणजे व्याध. कॅस्टर आणि पोलक्स हे पुनर्वसूचे दोन तारे जेमतेम साडेचार अंशांवर आहेत, नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. कधी ज्येष्ठेजवळ मंगळ असतो आणि दोघेही तांबूस दिसतात. ‘लख्ख दिसतोय, म्हणजे हाच’ म्हणून तारा समजून गुरू दिलेले ग्राहकही आम्हाला भेटलेत. यादीत व्याध असेल तर तो घ्या, त्याच्याइतका ठळक तारा रात्रीच्या आकाशात दुसरा नाही.

निवडलेले दोन तारे एकमेकांपासून चांगले दूर असू द्या. डोक्यावरचा तारा टाळा, तिथे ऑल्ट-अ‍ॅझिमथ माउंटला दिशेचा अंदाज नीट येत नाही. क्षितिजालगतचाही नको, कारण हवेमुळे तो खऱ्या जागेपेक्षा वर उचललेला दिसतो. इक्वेटोरियल माउंटवर ध्रुवतारा तर मुळीच देऊ नका. तो ध्रुवबिंदूच्या इतका जवळ आहे की त्याच्यावरून माउंटला पूर्व-पश्चिमेचा पत्ता लागत नाही. ध्रुवाशी अक्ष जुळवणं हे काम वेगळं आणि स्टार अलाइनमेंट वेगळी. अक्षाचे बोल्ट पुन्हा हलवलेत तर ताऱ्यांची जुळणीही पुन्हा करावी लागते.

जुळणी झाली, पण वस्तू आयपीसमध्ये नाही

आयपीस म्हणजे डोळा लावायची भिंगांची नळी. इथे चूक लहान असते, अंशाच्या आतबाहेर. आधी फाइंडर, म्हणजे मोठ्या नळीवर बसवलेला छोटा शोधक. तो दिवसा जुळवून ठेवा, किमान एखादा किलोमीटर लांब असलेल्या मनोऱ्याच्या टोकावर. दुर्बीण किंवा फाइंडर सूर्याच्या आसपासही नेऊ नका आणि मुलं जवळ असतील तर त्यांना एकटं सोडू नका.

मग तारा मध्यभागी आणण्याची पद्धत. १००० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर ४० पट मोठं दिसतं आणि सव्वा अंशाच्या आसपास आकाश दिसतं. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा मध्य नजरेनं पकडणं कठीण. २५ मिमीने तारा शोधा, १० मिमीने मध्यभागी आणा. मध्य दाखवणाऱ्या रेषांचा आयपीस नसेल तर फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची चकती फुगली की ती वर्तुळात मधोमध बसली की नाही हे लगेच कळतं.

गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते. दिशा उलटी केली की मोटर फिरते, पण नळी क्षणभर हलतच नाही. म्हणून शेवटचा सरकाव नेहमी त्याच दोन बटणांनी करा. बहुतेक हँडसेटवर वरचं आणि उजवं बटण सांगितलेलं असतं. तारा पुढे निघून गेला तर मागे घ्या आणि पुन्हा याच बटणांनी आणा. हा एक नियम पाळला तरी आमचे निम्मे फोन वाचतील असं आम्ही गमतीनं म्हणतो.

डायगोनल, म्हणजे आयपीसआधी बसणारा आरशाचा कोपरा, एकदा फिरवून बघा. तारा जागचा हलला तर डायगोनलचा आरसा तिरका आहे, जुळणी चालू असताना त्याला हात लावू नका. आकाशाच्या एका अर्ध्या भागात सगळं बरोबर आणि मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ) ओलांडलं की चूक, असं इक्वेटोरियल माउंटवर होत असेल तर नळी आपल्या पट्टीवर किंचित वाकडी बसली आहे. तिसरा तारा मध्यमंडलाच्या दुसऱ्या बाजूचा द्या.

चंद्राचा पुरावा

तारे अचूक सापडतात, चंद्र मात्र वर्तुळाबाहेर राहतो? मग वेळ, तारीख किंवा टाइम झोन चुकलाय. दोन ताऱ्यांच्या जुळणीत घड्याळाची चूक झाकली जाते, पण चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. १२ तासांची चूक, म्हणजे सकाळ-संध्याकाळची अदलाबदल, त्याला ६ अंश बाजूला दाखवते.

सुरुवातीला छान, तासाभराने बिघडलं

हाताने नळी ढकललीत का? दुहेरी एन्कोडर (अक्ष किती फिरला ते मोजणारे सेन्सर) नसलेल्या माउंटला ते कळत नाही आणि त्याचा सगळा हिशेब तिथेच संपतो. अक्षाची पकड (क्लच) सैल, नळीचा तोल एका बाजूला, ट्रायपॉडचा पाय मऊ मातीत रुतलेला, हीही कारणं नेहमीची. वस्तू काही मिनिटांत वर्तुळाबाहेर जात असेल तर ट्रॅकिंग (ताऱ्यामागोमाग दुर्बीण सरकत राहणं) बंद आहे किंवा माउंटचा प्रकार चुकीचा निवडला आहे.

दुर्बीण वेगाने फिरताना हँडसेट स्वतःहून बंद होऊन सुरू होत असेल तर वीज कमी पडते आहे. पेन्सिल सेलवर भरवसा ठेवू नका, १२ व्होल्टची बॅटरी आणि जाड, आखूड तार वापरा.

वीज आणि तार बदलूनही ‘नो रिस्पॉन्स’ येत असेल, एकच अक्ष हलत नसेल किंवा गिअरमधून खरखर येत असेल, तर मात्र माउंट आमच्याकडे पाठवा. दुर्बीण किती अंश आणि कोणत्या दिशेला चुकत होती ते चिठ्ठीवर लिहा, आणि हँडसेट व त्याची तार आठवणीने सोबत ठेवा. कित्येकदा माउंट ठणठणीत असतो आणि तुटलेली तार घरीच राहिलेली असते.