नवा डेस्कटॉप आत्ता घ्यावा की थांबावं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

"कॉम्प्युटर आत्ता घेऊ, की थोडं थांबू?" हा प्रश्न सध्या आमच्या काउंटरवर रोज येतो. गर्दीत त्याचं धड उत्तर देता येत नाही, आणि उभ्या-उभ्या दिलेल्या उत्तरावर कुणी चाळीस-पन्नास हजार रुपये घालावेत हे आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी न्या, सावकाश वाचा, अकाउंटंटला दाखवायचं तर दाखवा.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. हा निर्णय बाजारभावावर सोडू नका. तुमचं काम नेमकं कुठे अडतंय ते आधी पाहा. ज्याचं काम अडलंय त्याने भाव उतरायची वाट बघू नये, आणि ज्याचं अडलेलं नाही त्याने भाव चढतायत म्हणून धावत येऊ नये. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना नवं मशीन लागतच नाही, आणि तसं आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो.

भाव का चढले

मेमरीच्या चिप जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतली मायक्रॉन. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहतायत, त्यांना वेगळ्या प्रकारची महागडी मेमरी लागते. कारखान्यांची बरीचशी क्षमता तिकडे वळली. उरलेल्या मालात मोबाइल, लॅपटॉप आणि आपले डेस्कटॉप असे सगळे वाटेकरी. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे, म्हणजे मशीन काम करताना वापरतं त्या मेमरीचे, किरकोळ भाव दुपटीवर गेले, काही प्रकारांत त्याच्याही वर. त्या डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाखाली दुकानांतून विकली जाणारी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर फाइली साठवणारी डिस्क) बंद करत असल्याचं जाहीर केलं.

डीडीआर ४ या जुन्या पिढीच्या रॅमला (नवी ती डीडीआर ५) याची झळ लागणार नाही, अशी अनेकांची समजूत होती. झाली उलट गोष्ट. कंपन्यांनी डीडीआर ४ चं उत्पादन आवरतं घेतलं आणि तिचे भाव आधीच चढले. मेमरीपाठोपाठ एसएसडीही महागली, कारण तिच्यातल्या चिपही त्याच घराण्यातल्या. प्रोसेसर, कॅबिनेट, मॉनिटर यांच्यात तेवढी उलथापालथ झालेली नाही. पूर्वी कोटेशनमधल्या रॅमच्या ओळीकडे कुणी बघायचं नाही, आता ग्राहक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

मग भाव उतरणार कधी? तारीख कुणीही सांगू शकणार नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मागचा अनुभव मात्र सांगता येतो. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कचे भाव एकदम चढले. पूर काही महिन्यांत ओसरला, भाव पूर्वपदावर यायला वर्षाहून जास्त लागलं. २०१७-१८ मध्ये रॅम अशीच महागली होती, ती २०१९ मध्ये उतरली. चिपचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं जातात. तेव्हा "गणपती होऊ दे, दसऱ्याला बघू" एवढ्याने काम होईल अशी आशा ठेवू नये. सणाच्या ऑफरमध्ये कार्डावर कॅशबॅक मिळतो, ब्रँडेड मशीनवर कीबोर्ड-माउस किंवा जादा वॉरंटी मिळते. सुट्या पार्टचे भाव सण बघून हलत नाहीत.

जीएसटीचंही विचारलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले ते खरं, पण कॉम्प्युटरवर आधीही १८ टक्के होता आणि आजही तेवढाच आहे. २८ वरून १८ वर आले ते ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर. तुमच्या टेबलावरच्या २२ किंवा २४ इंची मॉनिटरला त्याचा काही फरक पडलेला नाही.

विंडोज १० चं काय

भावांइतकीच घबराट या गोष्टीची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. याचा अर्थ मशीन बंद पडतं असा नाही. टॅली चालते, प्रिंटर चालतो, फाइली जागच्या जागी राहतात. फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणं थांबतं. ज्या मशीनवर नेट बँकिंग, जीएसटीची रिटर्न्स, डिजिटल सही असं सगळं चालतं, त्यावर ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा दुरुस्त्यांची योजना आहे. विंडोजच्या अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. ती करून घ्या, तेवढा श्वास घ्यायला वेळ मिळतो.

तुमचं मशीन विंडोज ११ ला चालेल का, हे घरबसल्या समजतं. 'धिस पीसी' वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. प्रोसेसरच्या ओळीत आय ३, आय ५ असं लिहून पुढे एक आकडा असतो. तो महत्त्वाचा. ७४०० असेल तर सातवी पिढी, ८१०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर विंडोज ११ चालतं, आणि विंडोज १० परवान्याचं असेल तर त्यावरून ११ फुकट मिळतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढची. थोडे अपवाद आहेत, शंका असेल तर त्या ओळीचा फोटो काढून आम्हाला पाठवा.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आठव्या-नवव्या पिढीच्या मशीनवरही विंडोज "हा पीसी चालणार नाही" असा निरोप देतं, आणि माणूस नवं घ्यायला निघतो. पुष्कळदा कारण एवढंच असतं की टीपीएम नावाची सुरक्षेची सोय मदरबोर्डच्या (मशीनच्या मुख्य बोर्डाच्या) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. ती चालू केली की काम होतं. बायोसमध्ये स्वतः हात घालण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, किंवा मशीन आमच्याकडे आणा.

सातव्या पिढीवर किंवा त्याहून जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. तशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ऑफिसच्या कामाच्या मशीनवर आम्ही तसं करून देत नाही.

मशीन स्लो आहे म्हणजे नेमकं काय?

नवा घेण्याआधी एवढं जरूर करा. मशीन रखडलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क या तीन आकड्यांवर दोन मिनिटं नजर ठेवा.

डिस्क १०० टक्क्यांना चिकटून बसली असेल आणि सीपीयू २०-३० वर आरामात असेल, तर प्रोसेसरला काहीही झालेलं नाही. तो बिचारा डिस्ककडून माल यायची वाट बघत बसलाय. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे हलवावं लागतं, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली वाचते. एसएसडीत हलणारं काहीच नाही. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास देते, हार्ड डिस्क साधारण १०० ते २००. बारीक फाइलींच्या बाबतीत फरक याच्याही कित्येक पट मोठा.

कर सल्लागारांच्या ऑफिसांत आम्हाला नेहमी एक मशीन भेटतं: आय ३-८१००, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सकाळी चालू केलं की टॅली उघडेपर्यंत चार-पाच मिनिटं, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल आणि बाजूला एक्सेल उघडलं की हँग. अशा मशीनमध्ये २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी घाला, रॅम ४ वरून ८ करा, जुनी हार्ड डिस्क बॅकअपसाठी आत राहू द्या. विंडोज ११ टाकून ते पुढची तीन-चार वर्षं निवांत चालेल. रॅम महाग असली तरी हा खर्च नव्या मशीनच्या जवळपासही जात नाही.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी रॅम वाढवायला हवी. आणि सीपीयूच कायम शंभरावर असेल, व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड किंवा कोरलड्रॉच्या जड फाइली चालत असतील, तर मशीन खरंच कमी पडतंय.

कोणत्या जुन्या मशीनवर पैसे घालू नयेत तेही सांगतो. ज्या बोर्डावर डीडीआर ३ रॅम आहे, म्हणजे साधारण चौथ्या पिढीपर्यंतची मशीन, त्यांच्यासाठी नवी रॅम विकत घेऊ नका. एसएसडीचं तसं नाही. उद्या नवं मशीन घेतलंत तर तीच एसएसडी त्यात बसते. डीडीआर ३ रॅम मात्र बोर्ड बदलला की कपाटात जाते. हाताशी पैसे कमी असतील तर एसएसडी आधी, रॅम नंतर.

कुणी आत्ताच घ्यावं

मदरबोर्ड गेलाय आणि जुन्या पिढीचा बोर्ड शोधत फिरताय, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. डीटीपी किंवा डिझाइनचं काम आहे आणि ऐन लग्नसराईत एकेक फाइल सेव्ह व्हायला वेळ लागतोय, तर रोजचा जो तास वाया जातो त्याचा हिशेब मांडा. रॅमचा भाव उतरून वाचणारे पैसे त्यापुढे थोडे निघतात. चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनवर सगळ्या अशिलांचे पासवर्ड आणि डिजिटल सह्या वापरणाऱ्यांनीही आता टाळाटाळ करू नये.

घेताना मात्र महाग रॅमच्या दिवसांत घ्यायची रीत थोडी वेगळी आहे. तुमच्या सध्याच्या मशीनमधली रॅम डीडीआर ४ आहे का, ते आधी आम्ही तपासतो. असेल तर ती फेकू नका. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी डीडीआर ४ घेणारे बोर्ड येतात, एएमडीच्या जुन्या, एएम ४ नावाच्या बोर्डांतही तीच रॅम चालते. मग प्रोसेसर आणि बोर्ड नवा, रॅम, एसएसडी, मॉनिटर तुमचेच, असं मशीन उभं राहतं. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) जुना असेल तर तो मात्र बदला, त्यात काटकसर नको. या मार्गाला एक मर्यादा आहे: त्या बोर्डांवर पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर येणार नाहीत. हिशेब, टायपिंग, इंटरनेट या कामांना त्याने काही बिघडत नाही. ज्यांना दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा आहे त्यांनी एएमडीचं एएम ५ हे नवं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) पाहावं. त्याला डीडीआर ५ च लागते, पण २०२७ आणि त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे.

सगळंच नवं घेत असाल तर ८ किंवा १६ जीबीची एकच रॅम टाका आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. भाव उतरले की तो भरू. दोन रॅम जोडीने लावल्या तर वेग थोडा वाढतो हे खरं, पण ऑफिसच्या कामात तो जाणवत नाही.

इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, जसं १२४०० एफ, तर त्यात डिस्प्लेची सोय नसते, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. ऑनलाइन स्वस्त दिसतो म्हणून मागवला आणि घरी स्क्रीनच लागली नाही, असं व्हायला नको. तसंच "आय ७ डेस्कटॉप, फक्त इतक्या हजारांत" अशी जाहिरात दिसली की पिढी विचारा. ती बहुतेक दुसरी ते चौथी निघते. आजचा आय ३ तिच्या पुढे आहे. सेकंडहँड घ्यायचंच असेल तर मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली आठव्या-दहाव्या पिढीची ब्रँडेड मशीन चांगली, बिल आणि निदान काही महिन्यांची वॉरंटी घेऊनच.

एआयसाठी नवा कॉम्प्युटर लागतो का, असं विद्यार्थी आणि त्यांचे पालक विचारतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एआयसाठी लागत नाही. ते गणित कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये होतं, तुमच्या टेबलाखाली नाही.

व्यावसायिकांसाठी थोडंसं. कॉम्प्युटरवर प्राप्तिकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, म्हणजे २० टक्केच. ऑक्टोबरच्या सुरुवातीनंतर घेतलेलं मशीन या निम्म्यात येतं. करासाठी म्हणून मार्चअखेर घाई करणाऱ्यांनी हे आधी आपल्या अकाउंटंटकडून समजून घ्यावं. बिलावर जीएसटी क्रमांक घालायचा असेल तर बिल बनण्याआधी सांगा.

आमचं कोटेशन सध्या फक्त दोन दिवस चालतं. आम्हालाही माल त्या दिवसाच्या भावाने मिळतो, म्हणून तसं ठेवावं लागलं आहे.

येताना प्रोसेसरच्या ओळीचा आणि टास्क मॅनेजरचा फोटो घेऊन या, किंवा सरळ मशीनचा डबाच (कॅबिनेट) उचलून आणा. तपासणीचे पैसे घेत नाही. जुनं मशीन आमच्याकडे देणार असाल तर त्यातली हार्ड डिस्क आम्ही तुमच्यासमोर काढून तुमच्या हातात देतो. तिच्यात तुमचे आधार, पॅन, बँकेची पानं आणि घरचे फोटो असतात, ती कुणाकडेही ठेवून जाऊ नका.